बॅगा कोण सांभाळणार?

फळ्यावर राइडची नावं लिहून झाली, बस किती वाजता सुटणार ते लिहून झालं, बसमध्ये खिडकी कोणाला यावरून पहिलं भांडणही उरकलं. थीम पार्कच्या सहलीची आमची पहिली बैठक संपत आली होती. ३१ मुलं, वयं १३ ते १७, आणि त्यांच्याबरोबर आम्ही चौघं मोठी. मुलं उठून जायला लागली तशी एक मुलगी मागे रेंगाळली. खुर्च्या सरळ लावायचं निमित्त करत करत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला कशातच बसायचं नाहीये. तरी मी आले तर चालेल?"

"चालेल की," मी म्हणाले. बोलून तर गेले, पण सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ही मुलगी तिथे करणार काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दादा फळा पुसत होता. आमच्या गटातला हा सर्वांत जुना कार्यकर्ता. शिट्टी आणि वेळापत्रक या दोन गोष्टींवर त्याची गाढ श्रद्धा. त्याने सगळं ऐकलं होतं. ती गेल्यावर म्हणाला, "घाबरत असेल गं. तिथे गेल्यावर बाकीच्यांचं बघून बसेल. सगळेच बसतात."

सगळेच बसत नाहीत. हे मला दादापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी पंधरा वर्षांची असताना अशाच एका सहलीला गेले होते. पहिल्याच रोलर कोस्टरच्या रांगेत मी "मला नको" म्हणाले, तर "काही होत नाही गं", "एकदाच बस", "भित्री कुठली" असं तिन्ही बाजूंनी सुरू झालं. बसले. उतरल्यावर रडले. त्या रडण्याची नक्कल वर्षभर होत राहिली, पण तेही मी विसरून गेले असते. विसरता आला नाही तो त्यानंतरचा उरलेला दिवस. "तू आता बसणार नाहीस ना, मग बॅगा सांभाळ," असं म्हणत एकेकाने माझ्या पुढ्यात आपापली बॅग टाकली. बारा बॅगा, चार चष्मे, दोन टोप्या आणि कुणाचा तरी एकच बूट, तो का ते आजही कळलेलं नाही. दर अर्ध्या तासाने घोळका यायचा, पाणी प्यायचा, आरडाओरडा करत निघून जायचा. कुणी माझ्याशी वाईट वागलं असंही नाही. मी त्यांना दिसतच नव्हते. परतीच्या बसमध्ये सगळे एकदम बोलत होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखी बातमी एकच होती, कुठल्या बॅगेची चेन तुटलीय ही.

त्या सहलीची आखणी ज्यांनी केली त्यांना दोष देता येणार नाही. बस वेळेवर आली, जेवण वेळेवर झालं, कुणी हरवलं नाही. त्यांच्या कागदावर राइडची यादी होती आणि बाक नव्हता, इतकंच.

म्हणून या वेळी मी बाकापासून सुरुवात करायची ठरवली. तीन आठवडे आधी एकटीच पार्क बघून आले. कुठल्याही मोठ्या गटाला नेण्याआधी एकाने तरी जाऊन यावंच. नकाशात सगळं दिसतं. पण सावली कुठे आहे, स्वच्छतागृहाशी गर्दी किती होते, दोन टोकांमध्ये चालायला खरोखर किती वेळ लागतो, ते नकाशात नसतं. मी रोलर कोस्टरसमोरच्या एका बाकावर बसले आणि दोन तास उठलेच नाही. आखणीचा निम्मा भाग तिथेच झाला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती जोड्यांची. बहुतेक राइडमध्ये एका ओळीत दोन नाहीतर चार जागा असतात. आमची मुलं ३१. म्हणजे पंधरा जोड्या आणि एक उरलेला. प्रत्येक राइडला कोणीतरी उरणार, आणि त्याच्या शेजारी एखादा अनोळखी माणूस येऊन बसणार. मोठ्यांना यात काही वाटत नाही. पंधराव्या वर्षी मात्र उंचीची भीती एक वेळ परवडते, आपण उरलो हे सगळ्यांसमोर दिसणं परवडत नाही. रांगेच्या शेवटच्या वळणावर, आत सोडणारा माणूस "किती जण?" विचारतो तिथे, मुलं एकमेकांचे दंड का धरून ठेवतात ते मी त्या दिवशी नीट पाहिलं. मग मी गट पाडताना सातचा एकही गट ठेवला नाही. पाच गट केले, सहा-सहाचे. हिशेबाने एक जण शिल्लक राहिला. त्याचं काय करायचं ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट रांगेची. अशा ठिकाणी आठ तासांत प्रत्यक्ष राइडवर किती वेळ जातो, हे एकदा मोजून बघावं. एक राइड म्हणजे दोन-तीन मिनिटं. गर्दीच्या दिवशी आठ-दहा राइड झाल्या तर नशीब म्हणायचं. म्हणजे फार तर अर्धा तास हवेत आणि उरलेला सगळा वेळ जमिनीवर, त्यातला बराचसा रांगेत. आपण रोलर कोस्टरच्या सहलीला जातो असं म्हणतो. खरं तर ती रांगेची सहल असते.

रांगेचंही शास्त्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम गणिताने सिद्ध केला. तो इतका साधा आहे की सिद्ध करायची गरज काय होती असं वाटावं. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला थांबावी लागणारी मिनिटं. रांग स्थिर असेल तर हे उलटं वापरता येतं. गाडीत २४ जागा आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटत असेल, तर मिनिटाला बारा जण पुढे सरकतात. तुमच्या पुढे ३६० माणसं उभी असतील तर अर्धा तास. प्रवेशाशी लावलेल्या पाटीपेक्षा हा हिशेब कधी कधी ताजा निघतो, कारण मधेच दोनपैकी एक गाडी कमी केली की वेग निम्म्यावर येतो आणि पाटी बदलायला वेळ लागतो.

पण घड्याळातली वाट आणि जीवाला वाटणारी वाट एक नसते. डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं. त्यातली बरीच निरीक्षणं आज प्रत्येक मोठ्या पार्कच्या रांगेत बांधलेली दिसतात. हाताला काही काम नसलं की वेळ लांबतो. किती थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांबतो. कारण कळलं नाही की चिडचिड होते. म्हणून तर रांगा नागमोडी असतात, भिंतींवर चित्रं असतात, छतातून कुणीतरी बोलत असतं. मेस्टर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती वाचून मला माझा बाक आठवला: एकट्याने पाहिलेली वाट चारचौघांत पाहिलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते.

आता उंची.

आखणीतला सर्वांत नाजूक भाग हाच, आणि बहुतेक आयोजक तो पार्कच्या दारातल्या पट्टीवर सोडून देतात. आम्ही जाणार होतो तिथे सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरला १४० सेंटिमीटरची अट होती. आमच्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा, गटातला सर्वांत बडबड्या, त्याच राइडसाठी महिनाभर नाचत होता. मला नुसत्या नजरेने दिसत होतं की तो अटीत बसत नाही. त्याला ते तिथे, पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर, सगळ्या मित्रांसमोर पट्टीखाली मान ताणताना कळलं असतं. मग त्याने काय करायचं? बाजूच्या दाराने बाहेर यायचं, आणि बॅगा सांभाळायच्या.

दादा म्हणाला, "बूट जाड घालू दे की. एवढ्या-तेवढ्यासाठी कोण अडवतंय?"

अडवायलाच हवं. ही अट वयाची किंवा हिमतीची नसते, ती कुलपाची असते. मांडीवर येणारा दांडा, खांद्यावरून उतरणारी चौकट, सीटची खोली हे सगळं ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं. माप कमी पडलं की शरीर आणि दांडा यांच्यामध्ये जागा राहते, आणि गाडी टेकडीवरून खाली झेपावते तेव्हा ती जागा महागात पडू शकते. काही राइडना वरची मर्यादाही असते. फार उंच माणसालाही परत पाठवतात. दारावरच्या माणसाशी हुज्जत घालणारे पालक मी पाहिले आहेत. तो माणूस ऐकत नाही तेव्हा त्याचे आभार मानावेत असं मला वाटतं.

आम्ही काय केलं, तर बैठकीच्या खोलीत दरवाजाच्या आतल्या बाजूला मापपट्टी चिकटवली आणि ज्याला त्याला एकेकट्याने जाऊन आपली उंची चिठ्ठीवर लिहायला सांगितली. त्या मुलाची निघाली १३७. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ताई, मग माझ्यासाठी काय काय आहे, ते सांगा." अटीत बसणाऱ्या राइड आम्ही दोघांनी मिळून मोजल्या. चौदा निघाल्या. त्यातल्या दोन त्याने स्वतःच नाकारल्या, "त्या लहान मुलांच्या आहेत" म्हणून.

संमतिपत्रात नेहमीचे प्रश्न होते. हृदयाचा त्रास, फिट येणं, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं. हे विचारावंच लागतं, कारण मोठ्या राइडच्या दारावरच्या सूचनांमध्ये हीच नावं असतात. मी खाली एक ओळ वाढवली, ती मुलांनी स्वतः भरायची: "कशात बसायला आवडणार नाही? कारण लिहायची गरज नाही." ३१ पैकी ११ जणांनी काहीतरी लिहिलं. फिरणारं नको, अंधारातलं नको, पाण्यातलं नको, उलटं होणारं नको. वर्गात ज्याला सगळे वाघ म्हणतात अशा एका मुलाने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उंच." बस, एवढंच. आणि त्या मुलीने लिहिलं, "कशातच. पण मला यायचं आहे."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "भीती वाटते का गं?"

"नाही ताई. आवडत नाही."

तिच्या आवाजात थोडा वैताग होता. हे उत्तर ती बऱ्याच जणांना देऊन थकलेली असावी. आपण मोठी माणसं नावडीचं भाषांतर भीतीत करतो, कारण भीती घालवायची असते आणि त्यात आपल्याला काहीतरी करायला मिळतं. नावडीपुढे आपलं काही चालत नाही. आपण "पोटात गोळा येतो" म्हणतो ना, तो अगदी खरोखर येतो. एरवी आपल्याला आपलं वजन म्हणून जे जाणवतं तो खुर्चीचा किंवा जमिनीचा खालून लागणारा रेटा असतो. गाडी शिखरावरून खाली सुटली की सीटचा रेटा नाहीसा होतो आणि पोटातलं सगळं क्षणभर अधांतरी होतं. काहींना तो क्षण पुन्हा पुन्हा हवासा वाटतो, काहींना मळमळतं. यात शौर्याचा संबंध कुठे आला?

आता वर शिल्लक ठेवलेला एक जण. मी दादाला सांगितलं की आपण बाक एक ठिकाण म्हणून धरायचा. ठिय्या. रोलर कोस्टरसमोरचा तोच बाक, झाडाखालचा. तिथे पूर्ण दिवस कोणीतरी असेल. एक मोठं माणूस आणि दोन मुलं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने. पाळी सगळ्यांना. ज्याला काहीच नको त्यालाही आणि ज्याला सगळंच हवं त्यालाही. कायम तिथेच बसायचं असेल त्याने खुशाल बसावं, पण तो एकटा नसेल.

दादाने कपाळावर हात मारला. "लॉकर असतात गं तिथे. बॅगा लॉकरमध्ये टाकू."

"बॅगा टाकू. चुकलेल्या पोराला कुठे टाकशील?"

यावर तो जरा थांबला. भेटायची जागा हा आमच्या प्रत्येक सहलीतला दुखरा भाग. एकदा "मोठ्या घड्याळाखाली" सांगितलं तर पार्कात घड्याळं तीन निघाली. फोन असतात, पण दुपारपर्यंत त्यांची चार्जिंग संपते, आणि अर्ध्या राइडवर ते नेऊही देत नाहीत. नेऊ नयेतच, वेगात हातातून सुटलेला फोन कुणाच्या कपाळात बसेल सांगता येत नाही. जागा ठरलेली आणि तिथे माणूस ठरलेला, हे दादालाही पटलं. त्याने लगेच पाळ्यांचा तक्ता आखायला घेतला. तक्ता म्हटलं की त्याची कळी खुलते.

खरं म्हणजे थीम पार्कची आणि बाकाची जानपछान फार जुनी आहे. मौजेच्या बागा थीम पार्कच्या आधीपासून होत्याच. कोपनहेगनजवळच्या बाकेनची सुरुवात १५८३ सालची मानतात, त्याच शहरातलं तिवोली १८४३ मध्ये उघडलं. पण आज आपण ज्याला थीम पार्क म्हणतो त्याचा नमुना ठरलेलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झालं, आणि त्याची कल्पना कुठे सुचली हे वॉल्ट डिस्नी स्वतः सांगत असत. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात ते आपल्या दोन मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसवायला नेत. मुली गोल गोल फिरत आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात. मोठ्यांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, असं त्यांना तिथे वाटलं. म्हणजे सगळं बाकावरच्या कंटाळ्यातून निघालं! मी ही गोष्ट बैठकीत मुलांना सांगितली. त्या मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाकीच्यांनी शेंगदाण्यांवरून विनोद केले.

सहलीचा दिवस तसा सरळ गेला. दार उघडल्या उघडल्या सगळी गर्दी पहिल्या दिसलेल्या राइडवर तुटून पडते, म्हणून आम्ही आधी पार मागच्या टोकाला गेलो आणि पहिल्या तासात तीन राइड पदरात पाडल्या. जेवण लोकांच्या आधी उरकलं. दादाने चार वेळा शिट्टी वाजवली, त्यातल्या तीन वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेची मुलं धावत आली.

बाकावरचा पहिला तास मात्र माझ्या मनासारखा नव्हता. पाळीवर आलेली मुलं शिक्षा झाल्यासारखी बसत, मोबाइलमध्ये डोकं घालत आणि अर्धा तास संपायची वाट बघत. ती मुलगी शेजारी गप्प. मला वाटलं, फसलं आपलं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या जागी आता तीन जणांना एकटं बसवलंय.

मग तिने वही काढली. रोलर कोस्टरकडे बघत तिने रेघा ओढायला सुरुवात केली. गाडी सुटली की एक रेघ, शेजारी घड्याळातली वेळ, रिकाम्या जागा. मी लिटलचा हिशेब तिला कधीतरी बोलता बोलता सांगितला होता, तो तिने ध्यानात ठेवला होता. अकराच्या सुमाराला एक गट पाणी प्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता जाऊ नका. एक गाडी बाजूला काढलीय, पन्नास मिनिटं लागतील. आधी पलीकडची करून या." ते गेले, परत आले, आणि तिचं बरोबर निघालं. पुढचा गट आला तो थेट तिच्याकडेच. दुपारपर्यंत अशी अवस्था झाली की कुठल्याही राइडला जाण्याआधी पोरं बाकावर येऊन विचारून जात. पाळीवरची दोन मुलं धावपटू झाली. ती आसपासच्या रांगा बघून यायची आणि हिला आकडे द्यायची.

दोनच्या सुमाराला रोलर कोस्टर मधेच थांबला. गाडी वर चढता चढता साखळीवर उभी. "बंद पडला!" म्हणून रांगेत गलका. बाकावर मात्र चर्चा सुरू झाली, कारण तिथून पूर्ण रूळ दिसत होता: पुढची गाडी अजून स्थानकाबाहेरच्या ब्रेकवर अडकलेली होती. अशा रुळाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असते; पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडत नाहीत. कुणाचा तरी पट्टा अडकला असेल, उतरायला वेळ लागला असेल. थांबणं हेच यंत्र नीट चालल्याचं लक्षण होतं. पाच मिनिटांत साखळीची कटकट पुन्हा सुरू झाली. ती कटकटही सुरक्षेचीच. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टीवर खिट्ट्या पडत जातात, त्यांचा तो आवाज.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "ताई, तो उलटा फेरा गोल नाहीये."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच नव्हता. खाली रुंद, वर निमुळता, पाण्याचा थेंब उभा धरल्यासारखा. सकाळपासून दोनदा त्यातून उलटे होऊन आलेल्या मुलांनी हे पाहिलं नव्हतं. आत बसल्यावर दिसणार तरी कसं? मग मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एक कोस्टर होता, त्याचा फेरा अगदी गोल होता. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरायची, तेही तळाशी, वेग सर्वांत जास्त असताना. मानांना असे हिसके बसायचे की लोकांनी पाठ फिरवली. पुढे कित्येक वर्षं उलटा फेरा कुणी धड जमवू शकलं नाही. १९७६ मध्ये व्हेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याच्या गणिताने कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात थेंबाच्या आकाराचा फेरा उभा राहिला. तळाशी वेग जास्त म्हणून वळण मोठं, वर वेग कमी म्हणून वळण लहान, आणि मधला बदल हळूहळू. मुलं ऐकत होती. मग पुढे बसावं की मागे, यावर वाद पेटला. मागच्यांना जास्त झटका बसतो, कारण मागचा डबा शिखरावर पोचेपर्यंत पुढचे डबे उतरणीला लागलेले असतात आणि ते त्याला ओढून काढतात. यावर मी त्यांना अमेरिकेतल्या त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, ज्यांनी मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृती, आत मुतखडे ठेवून, पाठीवरच्या बॅगेत घालून डिस्नी वर्ल्डच्या एका रोलर कोस्टरवर वीस फेऱ्या मारल्या. त्यांचा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. मुतखडे पुढच्या सीटवर सुमारे १७ टक्के वेळा सरकले, मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के. "म्हणजे बॅग नेता येते!" असा निष्कर्ष काढण्यात आला.

तीन वाजता त्या वाघाची पाळी होती. साडेतीनला संपली, तो उठला नाही. चार वाजता त्याचा गट बोलवायला आला. तो म्हणाला, "अरे, मी आकडे घेतोय, जा तुम्ही." त्याच्याकडे वळून तिने फक्त पेन्सिल पुढे केली. त्या चिठ्ठीतला शब्द मला ठाऊक होता, तिला नव्हता, आणि तिने काही विचारलंही नाही. मी माझ्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

उंचीत न बसलेला मुलगा आपल्या बारा राइड पूर्ण करून आला आणि तेरावी म्हणून नाकारलेल्या दोहोंपैकी एक करून आला. ती कशी होती हे तो कुणाला सांगत नाही.

ती मुलगी शेवटपर्यंत कशातच बसली नाही. दादाने पाच वाजता एकदा प्रयत्न केला, "अगं, निदान त्या आकाशपाळण्यात तरी बस, हळू फिरतो तो." तो वाईट मनाने म्हणत नव्हता. १८९३ साली शिकागोत फेरिसने उभारलेल्या पहिल्या आकाशपाळण्याच्या एकेका डब्यात साठ माणसं मावत, सगळे मिळून दोन हजारांवर, असं तिने त्याला उलट सांगितलं आणि या पाळण्यात डब्याला सहाच जागा आहेत म्हणून रांग हळू सरकतेय, आत्ता जाऊ नये, असा सल्ला दिला. दादा मुकाट्याने शिट्टी चाचपत बाजूला झाला.

बसमध्ये मोजणी झाली. ३१. खिडक्यांवरून पुन्हा भांडण झालं. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि मी कान देऊन ऐकत होते, कारण मला एकच गोष्ट हवी होती. मधल्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "ए, ती पावणेतीनची गर्दी किती होती गं? सांग यांना!" आणि तिने सांगितलं, आणि तिघांनी तिला खोटं ठरवलं, आणि तिने वही उघडली.

दुसऱ्या दिवशी विसरलेल्या वस्तूंची पेटी लावायला बसले. तीन रुमाल, एक पाण्याची बाटली, एक टोपी, आणि तिच्या वहीतलं सुटं पान. दोन्ही बाजूंनी भरलेलं. राइडचं नाव, वेळ, माणसं, गाड्या, थांबायची मिनिटं असे रकाने, मधल्या काही ओळी दुसऱ्या वळणाच्या अक्षरात, जरा तिरक्या. सगळ्यात खाली तिच्या अक्षरात एक ओळ होती:

बाक. जागा चार. थांबायची वेळ, दुपारी तीननंतर: २० मिनिटं.